रुसलेला अर्हत

साईयुतच्या बापाला अख्खा जिल्हा बाप म्हणायचा. फक्त साईयुतची तशी सोय नव्हती.

ती सहा वर्षांची होती तेव्हा तो वर्षावासापुरता म्हणून भिक्खू झाला. आमच्याकडे, बँकॉकपासून खेड्यापाड्यांपर्यंत, पुरुष होतातच. लग्नाआधी राहून गेलं तर लग्नानंतर. पावसाळा संपला की चीवर उतरवायचं, घरी यायचं, बायकोने कोंबडी शिजवायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चिंचेच्या बागेत राबायचं. इमच्या, म्हणजे साईयुतच्या बापाच्या, घरची कोंबडी म्हातारी होऊन मेली. पहिल्या वर्षी साईयुतची आई म्हणाली, येईल. दुसऱ्या वर्षी म्हणाली, येऊ दे तर खरं, झाडूच घेते हातात. मग तिने त्याचं नाव टाकलं आणि बाग एकटीने सांभाळली. तो डोंगराडोंगरांतून हिंडला, गुरूंच्या पायाशी बसला, आणि पुष्कळ वर्षांनी आमच्या मोरटेकडीवरच्या विहारात येऊन राहिला तेव्हा तो लुआंग पो इम झालेला होता. पो म्हणजे बाप. आधी लुआंग लागलं की तो पूज्य होतो, आणि मग तो सगळ्यांचाच बाप.

साईयुतला तो लहानपणी 'नू' म्हणायचा. नू म्हणजे उंदीर. आमच्याकडे लाडक्या लेकीला असंच म्हणतात. चिंचेच्या खालच्या फांदीवर बसवायचा आणि म्हणायचा, "नू, घट्ट धर हां." टेकडीवर आल्यावर पहिल्याच सकाळी तो भिक्षेला तिच्या दारात उभा राहिला. ती तेव्हा दोन लेकरांची आई होती. तिने पात्रात भात वाढला, गुडघ्यांवर बसली, हात जोडले. तो खाली बघत म्हणाला, "योम, सुखी राहा." योम म्हणजे गृहस्थ, दान देणारा. भिक्खू सगळ्यांनाच म्हणतात. फौजदाराला म्हणतात, लॉटरीची तिकिटं विकणारीला म्हणतात. पुढचं घर नापितभाऊंचं होतं, केस कापायचे ते. त्यांनाही त्याच आवाजात तो म्हणाला, "योम, सुखी राहा." साईयुतने कान देऊन ऐकलं होतं. तसूभरही फरक नव्हता.

तरी ती हरली नाही. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी ती आईसारखी चटणी करून पात्रात घालायची. कोवळी चिंच, सुकट, लसूण, मिरची, सगळं खलबत्त्यात कुटलेलं. इमला या चटणीशिवाय घास उतरत नसे, असं आई सांगायची. वर्षानुवर्षं साईयुतने ती घातली, आणि वर्षानुवर्षं पात्राचं झाकण बंद झालं नि तो पुढे गेला. एकदा ती टेकडीवर गेली आणि तो जेवतो कसा ते तिने पाहिलं. त्या विहाराची रीतच तशी. मिळालं ते सगळं एकाच पात्रात. नारळाच्या दुधातली केळी, माशाचं कालवण, फणस, भात आणि तिची चटणी, सगळं त्याने हाताने एकत्र कालवलं आणि खाल्लं. तोंडावरची सुरकुती हलली नाही.

"डुकराला घालतात ना, तसलं करून खातो," ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. "जिभेला कळतच नाही काही. मेलेली जीभ आहे मेली."

"अगं, साधू माणूस तो," नवरा म्हणाला.

"साधू तुमचा. माझी आई त्या चटणीपायी मिरचीने बोटं भाजून घ्यायची."

नवरा पुढे वारला, पोरं बँकॉकला गेली, आणि साईयुतच्या कपाळावरची आठी तेवढी राहिली. ती चटणी करत राहिली, तो कालवत राहिला.

लुआंग पोंना यकृताचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा ते शांतपणे हसले म्हणे. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अंचली त्यांना तपासायला टेकडीवर यायच्या. चाळिशीच्या, किडकिडीत, बोलताना चष्मा पुसायची सवय. त्यांना लुआंग पोंनी सांगितलं, "माझं नावच इम. इम म्हणजे पोट भरलेला. पोट भरलेल्याच्या ताटात कुणी वाढतं का? नळी नको, यंत्र नको. इथेच, या झोपडीत." आमच्याकडे तसा कायदा आहे; माणसाने शुद्धीत असताना सही करून ठेवली की डॉक्टरने ती मानायची. त्यांनी प्रवचनानंतर सगळ्यांसमोर सही केली. विहाराच्या समितीचे अध्यक्ष खुन थाविल, खुन म्हणजे श्रीयुत, पहिल्या रांगेत होते. सगळ्यांत मोठ्याने 'साधु', म्हणजे 'उत्तम', तेच म्हणाले.

आणि लुआंग पो कोसळले त्या दिवशी त्यांना पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेणारेही तेच.

खुन थाविलना नुसती नावं ठेवून चालायचं नाही. रस्त्यांची कंत्राटं घेणारा माणूस, गळ्यात लुआंग पोंचा ताईत. त्यांचा मुलगा ट्रकखाली येऊन जिवंत राहिला तो त्या ताइतामुळे, असं ते सांगत आणि सांगताना रडत. टेकडीवरचा स्तूप अर्धा बांधून झाला होता आणि त्याच्या देणग्या लुआंग पोंच्या नावावर यायच्या, हेही खरं. दोन्ही खरं असू शकतं. डॉक्टर अंचली त्या आठवड्यात बँकॉकला होत्या. तातडीच्या खोलीत नवा डॉक्टर होता, दारात गाव रडत होतं, त्याने घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. दुसरा कुणी असता तरी त्याने तेच केलं असतं.

लुआंग पोंना शुद्ध आली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती नळी उपटायला हात वर नेला. मग त्यांचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधले.

साईयुतने ते काचेतून पाहिलं. आत फक्त पुरुष परिचारक जात होते. भिक्खूला बाईने शिवायचं नसतं, मग ती लेक का असेना. बांधलेल्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती.

"ते आपोआप होतं," खुन थाविल तिच्यामागे येऊन म्हणाले. "त्यात काही अर्थ नसतो, मावशी."

"तुमचे हात बांधून बघू का मी? आपोआप काय होतं ते कळेल."

पुढे ती बोटंही थांबली, शुद्ध गेली, आणि यंत्र तेवढं छातीचा भाता हलवत राहिलं.

डॉक्टर अंचली परत आल्या, कागद काढला आणि म्हणाल्या, यांना टेकडीवर नेऊ, त्रास होणार नाही असं औषध देऊ आणि नळी काढू. हे बाहेर फुटलं आणि जिल्ह्याने आकाशपाताळ एक केलं. दवाखान्याच्या आवारात मांडव पडले. मोबाइलवर प्रवचनं देणारे आचार्य दनै म्हणून एक गृहस्थ होते, आधी भिक्खू होते, आता पांढरे कपडे घालून हजारो लोकांना धर्म सांगत; 'योम' म्हणायची सवय मात्र सुटली नव्हती. त्यांनी सांगितलं, लुआंग पो इम हे अर्हत आहेत. लोभ, द्वेष, मोह जळून गेलेला पुरुष. आणि अर्हताचा जीव घेणं हे आईबापाच्या हत्येच्या पंगतीतलं महापाप, पाचांपैकी एक. त्याला क्षमा नाही, प्रायश्चित्त नाही. मेल्यावर सरळ अवीची नरक. जो नळीला हात लावील त्याने हे समजून लावावा.

झालं. बँकॉकहून वाहिन्यांच्या गाड्या आल्या. एका वाहिनीवर वकील आणि आचार्य एकमेकांवर ओरडले. परिचारकांनी एकेक करून रजा टाकल्या. लोकांनी काचेतून व्हेंटिलेटरवरचे आकडे वाचले आणि त्या आकड्यांची लॉटरीची तिकिटं गावात मिळेनाशी झाली. खुन थाविलनी अस्थींसाठी स्फटिकाची पेटी सांगून ठेवली, कारण अर्हताची हाडं जळल्यावर स्फटिक होतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकीकडे मरू द्यायचं नाही आणि दुसरीकडे पेटी तयार! साईयुतने ऐकलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दवाखान्याच्या संचालकांनी हात वर केले. कायदा आहे, पण घरचे आणि विहार दोघांनीही एकमुखाने म्हणावं, लोकांची मनं शांत व्हावीत, मग बघू.

विहाराच्या वतीने बोलायचं ते तिथले ज्येष्ठ भिक्खू थान उथै यांनी; थान म्हणजे भन्ते. तीस वर्षं ते लुआंग पोंच्या शेजारी बसून जेवले होते. साईयुत त्यांना दवाखान्याच्या अंगणात गाठून म्हणाली, "थान, तुम्ही एक शब्द बोला. लुआंग पोंनी काय सांगितलं होतं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"योम, मला बोलता येत नाही."

"का? जीभ गहाण आहे?"

"भिक्खूने 'मरू द्या' म्हटलं आणि त्या शब्दाने कुणी मेलं, तर त्या क्षणी तो भिक्खू राहत नाही," उथै म्हणाले. "पुन्हा कधीच होता येत नाही. हा नियम बुद्धांचा आहे, माझा नाही. आणि नळी काढणं म्हणजे मारणं की नाही, यावर मोठमोठे थेर, जुने जाणते भिक्खू, भांडताहेत. मी त्या भांडणात माझं चीवर कसं घालू?" त्यांनी खांद्यावरचं चीवर सारखं केलं. "तुम्ही गृहस्थ आहात," ते म्हणाले, आणि तिथेच थांबले. पुढचं वाक्य त्यांना बोलता येत नव्हतं, ते तिला कळलं.

डॉक्टर अंचली तिला दवाखान्याच्या खानावळीत भेटल्या. त्यांच्यापुढे शेवयांचा वाडगा गार होत होता.

"आईने फोन केला," त्या म्हणाल्या. "रडत होती. म्हणाली, नोकरी सोड, पण हे करू नकोस. मावशी, मला कोर्टाची भीती वाटत नाही. खरं सांगू का? मला नरकाची भीती वाटते. एवढं शिकून! हसा तुम्ही."

साईयुत हसली नाही. तिलाही वाटायची.

"साधा भिक्खू असता तर?"

"तर काही नाही. आजार नेतोय त्याला, मी फक्त वाट अडवून उभी राहत नाही, असं म्हटलं असतं आणि नळी काढली असती. आमच्या परिचारकांचंही तेच. पण अर्हत म्हटल्यावर हात उचलत नाही कुणाचा. मी मनाशी हजार वेळा म्हणते, हे मारणं नाही. आणि मग वाटतं, असलं तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "रोज त्यांच्या घशातला कफ यंत्राने ओढतात. कपाळ आक्रसतं त्यांचं. मला वचन दिलं होतं त्यांनी... नाही, मी दिलं होतं त्यांना."

"आणि ते अर्हत नाहीतच असं निघालं तर?"

"ते कोण सांगणार, मावशी?"

साईयुत घरी आली आणि चुलीपुढे बसून राहिली. ते कोण सांगणार! जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, तिला. पोटच्या पोरीपुढे रोज सकाळी उभं राहायचं आणि नापितभाऊंकडे बघावं तसं बघायचं. आवाज हलू द्यायचा नाही, पाऊल रेंगाळू द्यायचं नाही. बायकोच्या चितेपुढे तिने त्याला पाहिलं होतं, तिथे तो इतर कुणाच्याही चितेपुढे म्हणायचा तेच सूत्र त्याच चालीत म्हणून गेला होता. हे ढोंगाने जमत नाही. एखाद दिवशी तरी माणूस घसरतो. तो घसरला नाही. ज्याच्यासाठी ती त्याला आयुष्यभर शिव्या घालत आली, तोच तर पुरावा होता. आचार्य दनै पुस्तकं वाचून बोलत होते. तिने भोगलं होतं.

म्हणजे जगात कुणी अर्हत असलाच, तर ते होते. आणि त्यांचे हात खाटेला बांधलेले होते.

दवाखान्याच्या सभागृहात बैठक बोलावली गेली. पहिल्या रांगेत भिक्खू, मग समिती, मग सरकारी माणसं; मागे कॅमेरे आणि जागा मिळेल तिथे गाव. आचार्य दनै बँकॉकहून मोठ्या पडद्यावर आले होते, चेहरा भिंतीएवढा. खुन थाविल बोलले, संचालक बोलले, वकील बोलला. मग कुणीतरी म्हणालं, घरचं माणूस आहे, मुलगी आहे, तिला विचारा.

साईयुत उठली. हातात माइक दिला तो तिने उलटा धरला. कुणीतरी सरळ करून दिला.

"आचार्य, मी शिकलेली नाही," ती पडद्याला म्हणाली. "मला एवढं सांगा. अर्हताला राग येतो का?"

"नाही, योम. द्वेष जळून गेलेला असतो."

"आवडनिवड? हे हवं, ते नको?"

"तृष्णाच उरत नाही, तर आवड कुठून?"

"आपलं-परकं?"

"सूर्याला असतं का आपलं-परकं?" आचार्य गोड हसले. "अर्हतही तसाच."

"मग माझा पो अर्हत नव्हता," साईयुत म्हणाली.

ती लुआंग पो म्हणाली नव्हती, नुसतं पो म्हणाली होती. साठ वर्षांत तो शब्द तिने तोंडातून काढला नव्हता, आणि तो इतका उघडाबोडका पडला की मागच्या लोकांनीसुद्धा माना उंचावल्या.

"तुम्हाला वाटतं, त्यांना सगळं सारखं होतं," ती म्हणाली. "माझ्या आईची चटणी होती, कोवळ्या चिंचेची. त्यावर जीव होता त्यांचा. मी उपोसथाला घालायची. तीन वर्षांमागे सुकट महाग झाली म्हणून मी हात आखडता घेतला. दुसऱ्या दिवशी पो माझ्या दारात थांबलेच नाहीत. नाक वर करून सरळ नापितभाऊंकडे! तिसऱ्या दिवशी तेच. लहान पोरं रुसतात ना, तसे रुसले. मी रडकुंडीला आले. मग एकदा थांबले, इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही असं पाहून पुटपुटले..." इथे तिचा आवाज फुटला. तो काही तिने मुद्दाम फोडला नव्हता. "म्हणाले, 'नू, तुझ्या आईची अशी नव्हती.'"

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. नापितभाऊ वारले होते, ते एक बरं होतं.

"मला नू म्हणाले," साईयुत म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "इतक्या वर्षांनी. ते मला कधी विसरलेच नव्हते. बाप होते ते, दुसरं काय! चांगले भिक्खू होते, तुमच्या सगळ्यांचं भलं केलं त्यांनी, पण माझ्यात जीव अडकला होता त्यांचा. अर्हत कसले?"

"खोटं आहे हे!" खुन थाविल उठून उभे राहिले. रागाने नाही, दुखावल्यासारखे. "थान उथै, तुम्ही सांगा. तीस वर्षं शेजारी बसलात. लुआंग पो चटणीवरून रुसायचे?"

सगळ्यांच्या माना थान उथैंकडे वळल्या. साईयुतच्या हातातला माइक घामाने निसटायला लागला. भिक्खू खोटं बोलत नाही, आणि उथै तर डासालाही खोटं सांगणार नाहीत असा माणूस.

"जेवताना भिक्खूने आपल्या पात्रात बघायचं असतं," थान उथै सावकाश म्हणाले. "दुसऱ्याच्या पात्रात डोकावायचं नाही, असा नियम आहे. मी तो पाळला. लुआंग पोंच्या पात्रात काय होतं आणि त्यांना काय आवडलं, मी पाहिलेलं नाही."

पडद्यावरचे आचार्य घसा खाकरून म्हणाले, "योम, जरा सांभाळून बोला. तुम्ही त्यांना बाप म्हणालात, सगळ्यांदेखत. अर्हत नसले तरी बापाचा जीव घेणं हे त्याच पाचांतलं महापाप आहे. इतरांना ते लागलं नाही तरी तुम्हाला लागतं."

"ठाऊक आहे," साईयुत म्हणाली. "ते माझं मी बघते. डॉक्टरबाईंचा तो बाप नाही. परिचारकांचा नाही. त्यांना कशाला भीती घालता? नळी काढा, असं मी सांगतेय. मी, त्यांची मुलगी." आणि माइक खाली ठेवून ती बसली.

त्यानंतर गावाने तिला जे म्हटलं ते आमच्या भाषेतलं सगळ्यांत वाईट: कृतघ्न पोर. बाजारात भाजीवाल्या तिला बघून पाठ करू लागल्या. फुलं विकणारी तिच्या पायांशी थुंकली. कुणीतरी तिच्या फाटकावर कोळशाने लिहिलं, चटणीसाठी बापाला विकलं. पण परिचारक कामावर परत आले. अर्हताचा प्रश्न मिटला होता, विहाराने हरकत घेतली नाही आणि संचालकांना तेवढं पुरलं. चटणीवरून रुसणारा म्हातारा भिक्खू सगळ्यांना समजत होता, आणि त्याला घरी जाऊ द्यावं हेही. आचार्य दनै दुसऱ्या कुठल्या प्रकरणाकडे वळले. थान उथै एकदा फाटकाशी भिक्षेला आले तेव्हा साईयुतने हळूच विचारलं, "थान, तुम्हाला माहीत आहे ना?"

"मी माझ्या पात्रात बघत होतो, योम," ते म्हणाले आणि झाकण लावून पुढे गेले.

लुआंग पोंना टेकडीवर आणलं. झोपडीत चटईवर ठेवलं, हात सोडले. मनगटांवर पट्ट्यांचे वळ होते. डॉक्टर अंचलींनी औषध दिलं, वाट पाहिली, आणि परिचारकाला नळी कशी काढायची ते सांगितलं. साईयुत नियमाप्रमाणे दाराशी बसली होती. श्वास लगेच थांबला नाही. सकाळभर तो चालला, आपला आपण, सैल होत. मध्येच लुआंग पोंचे डोळे उघडले. ते थान उथैंवर गेले, परिचारकावर गेले, भिंतीवरच्या पालीवर गेले, साईयुतवर आले. पालीवर जेवढे थांबले तेवढेच तिच्यावर थांबले. मग ते मिटले. दुपारच्या आधीची घंटा झाली तेव्हा डॉक्टर अंचलींनी मान हलवली.

अग्नी दिल्याच्या दुसऱ्या सकाळी अस्थी वेचायच्या. पहिला मान घरच्यांचा; कृतघ्न असली तरी मुलगी ती मुलगी, समितीला नाही म्हणता येईना. साईयुत गार झालेल्या राखेपुढे बसली. भिक्खू समोर उभे होते. खुन थाविल मागे सोन्याचं तबक घेऊन थांबले होते, त्यांना अजून आशा होती. तिने सुगंधी पाणी शिंपडलं आणि राखेत हात घातला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा आता भिक्खू नाही. हाड आहे, आणि हाडाला शिवायला बाईला मनाई नाही. चिंचेच्या फांदीवरून उतरवून घेतल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. मनगटाजवळचं एक हाड तिने उचललं, हलकं, करडं, कडेला खडबडीत. ते ती किती तरी वेळ धरून बसली.

मग छातीच्या जागची राख सारताना बोटांना काहीतरी लागलं. तांदळाच्या कणीएवढे तीन-चार दाणे. तिने अंगठ्याने राख पुसली. दाणे स्वच्छ होते, आरपार, सकाळचं ऊन त्यांच्यातून पलीकडे जात होतं.

तिच्या जिवाचं पाणी झालं. म्हणजे होते. होतेच. नाक वर करून गेले नाहीत, रुसले नाहीत, नू म्हणाले नाहीत. सगळं जळून गेलेलं होतं आणि त्यात तीही जळून गेली होती, कधीच, त्या पहिल्या पावसाळ्यात. आणि तिने त्याच्यावर आपल्या लाडाचा आळ घेतला, सगळ्या जिल्ह्यासमोर.

"काही चमकलं का, मावशी?" मागून खुन थाविल पुढे झुकले. "काय आहे ते?"

साईयुतने मूठ मिटली, त्याच मुठीने डोळे पुसले आणि दुसरा तळवा उघडून दाखवला. करडं हाड होतं त्यात.

"हाडं आहेत. माणसाची असतात तशी."

खुन थाविलनी ते हाड दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि हुंदके देऊन रडले. समोर थान उथै उभे होते. पात्र हातात नव्हतं, तरी त्यांचे डोळे खाली, पात्रात असावेत तसे. लोकांनी पुढे होऊन राख चाळली. काही निघालं नाही.

डॉक्टर अंचली चिंचेखाली एकट्या थांबल्या होत्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं, झोपल्या नसाव्यात. साईयुत जवळ आली तशी त्यांनी चष्मा काढला, पण पुसायचं विसरून तसाच हातात धरला.

"मावशी, स्फटिक...?"

"काही नाही. साधी हाडं. झोपा आता जाऊन."

डॉक्टर अंचलींनी इतका मोठा श्वास सोडला की वरची पानं हलतील. मग त्या लहान मुलीसारख्या जवळ आल्या. "खरं सांगा हं. ते खरंच रुसायचे तुमच्यावर?"

मुठीतले दाणे साईयुतच्या तळव्यात रुतत होते.

"हो गं," ती म्हणाली. "फार रुसायचे. माझ्यावरच रुसायचे पो, दुसऱ्या कुणावर नाही."